मलम तेच, हिशेब वेगळा: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सोरायसिस रुग्णाचं प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ४६, राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला. पाच एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तो आपणहून आलेला नव्हता. कुष्ठरोग शोध मोहिमेत घरोघर फिरणाऱ्या आशाताईंना त्याच्या कोपरावर आणि नडगीवर चट्टे दिसले, त्यांनी संशयित म्हणून नाव लिहून घेतलं आणि तालुक्याला पाठवलं. आमच्या भागात हे नेहमीचं. वर्ध्याजवळ दत्तपूर, वरोऱ्याला आनंदवन. कुष्ठरोगाचं काम इथं पिढ्यांपासून चालत आलेलं आहे आणि त्याची धास्तीही तितकीच जुनी. अंगावर डाग दिसला की गावाच्या मनात पहिलं नाव तेच येतं. आशाताईंचं काही चुकलं नाही, उलट त्यांच्यामुळेच हा माणूस दवाखान्यापर्यंत पोचला.

डोळे मिटायला लावून चट्ट्यांवर कापसाचा बोळा फिरवला, कारण कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळेनासा होतो. प्रत्येक स्पर्श त्याने बरोबर सांगितला. नसा जाड झालेल्या नव्हत्या. चट्टे लाल, जाड, कडा ठसठशीत, वर चांदीसारखा पांढरा कोंडा. एका जागचा कोंडा हलक्या हाताने खरवडला तर खाली रक्ताचे बारीक ठिपके उमटले. दोन नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. डोक्यात कानामागून मानेपर्यंत कोंड्याची जाड पपडी. हा सोरायसिस होता, कुष्ठरोग नव्हे, आणि एवढं सांगायला कुठल्या यंत्राची गरज पडली नाही.

पण जांघेतला डाग निराळा होता. गोल पसरत गेलेला, कडेला लाल आणि खवलेदार, मध्ये फिकट. त्या फिकट जागेची कातडी पातळ, आणि तिच्यावर जांभळट आडव्या रेघा, गरोदरपणानंतर पोटावर राहतात तशा. कडेचा कोंडा काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात पाहिला तर बुरशीचे धागे स्वच्छ दिसले. म्हणजे एकाच अंगावर दोन दुखणी. रुग्णाच्या लेखी मात्र ते एकच होतं, "गजकर्ण", आणि त्यावर औषधही एकच.

ती ट्यूब त्याने खिशातून काढली. मागून घट्ट गुंडाळत आणलेली, पोटात काही उरलेलं नाही अशी. गावाजवळच्या मेडिकलमधून गेली तीन वर्षं तो हीच आणायचा, चिठ्ठीशिवाय. स्टिरॉइड (लाली आणि खाज दाबणारं औषध), बुरशीनाशक आणि जंतुनाशक असं तीन औषधांचं मिश्रण. या मिश्रणांनी खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ती खपतात. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कागदावर.

"मलम लावलं का जाते, सोडलं का येते," तो म्हणाला. "आता तुमीच सांगा साहेब, मलमात दम नाई का माह्या अंगात खोट हाय?"

मी विचारलं, लावता कसं ते दाखवा. त्याने रिकाम्या ट्यूबचं तोंड बोटाच्या टोकाला टेकवलं, जवारीच्या दाण्याएवढं मलम आलंय असं समजून ते गुडघ्यावर पसरवलं, तेच बोट पुसत पुसत नडगीवरून खाली नेलं. कमरेपर्यंत बोट जाईस्तोवर त्यावर काही उरणंच शक्य नव्हतं. "आणि जांघेत?" तिथे तो लाजला. मग कळलं की खाज तिथेच जास्त, म्हणून तिथे दिवसातून तीनदा, भरपूर.

सगळं प्रकरण इथेच होतं.

दोन ग्रॅमचं गणित

मलम किती लावायचं याचं एक साधं माप आहे. ट्यूबमधून मलमाची पट्टी काढायची, तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत. मोठ्या माणसाच्या बोटावर ती सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि बोटं मिटलेल्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. १९९१ साली लाँग आणि फिनले यांनी हे माप मांडलं. तेव्हापासून ते जगभर वापरतात, पण आपल्याकडच्या चिठ्ठीवर ते क्वचितच उतरतं. तिथे असतं "दिवसातून दोनदा लावणे". किती, कुठे आणि कधीपर्यंत, हे रुग्णाने ओळखायचं.

या रुग्णाचे चट्टे त्याच्याच तळहाताने मोजले. दोन्ही कोपरं मिळून एक, गुडघे आणि नडग्या मिळून चार, कंबर तीन. एकूण आठ तळहात. एक तळहात म्हणजे ढोबळमानाने अंगाचा एक टक्का. आठ तळहातांना चार पट्ट्या, म्हणजे एका वेळेला दोन ग्रॅम. रोज रात्री एकदा लावलं तरी चौदा रात्रींना २८ ग्रॅम, पंधरा ग्रॅमच्या जवळपास दोन ट्यूबा.

त्याची पंधरा ग्रॅमची एक ट्यूब दीड महिना पुरायची. दिवसाला ग्रॅमचा तिसरा हिस्सा, म्हणजे लागतं त्याच्या सहावा भाग. त्यातलाही मोठा वाटा जांघेत. कोपर-गुडघ्याच्या जाड कातडीतून औषध कष्टाने आत जातं, तिथे पुसट हात. जांघेची कातडी पातळ, नेहमी घामेजलेली आणि घडीत झाकलेली, तिथे औषध कित्येक पट जास्त शोषलं जातं, आणि तिथेच लेप. पातळ कातडी आणि जांभळट रेघा त्याच्याच. त्यात खाली बुरशी. स्टिरॉइड तिथली लाली आणि खाज दाबतं, म्हणजे शरीराचा प्रतिकारच दाबतं, आणि बुरशी निवांत पसरत राहते. मिश्रणातलं बुरशीनाशक तिच्यापुढे तोकडं पडतं.

सोरायसिस हा प्रतिकारशक्तीच्या गोंधळातून होणारा आजार आहे. निरोगी कातडीला खालून वर येऊन झडायला साधारण चार आठवडे लागतात, सोरायसिसच्या चट्ट्यात तेच काम तीन ते पाच दिवसांत उरकतं. कच्च्या पेशींचा थर वर साचतो, तोच तो पांढरा कोंडा. मलम हा वेग कमी करतं, आजाराची मुळी उपटत नाही. त्यामुळे "सोडलं का येते" हे त्याचं निरीक्षण खरंच होतं, फक्त त्यातून काढलेला अर्थ चुकला. अर्धवट मात्रेने चट्टा कधी पूर्ण बसलाच नव्हता आणि ट्यूब संपली की उपचार एका दिवसात बंद व्हायचा. कडक स्टिरॉइड असं धाडकन सोडलं की चट्टे उसळून येतात.

"हेच नाव त्या ट्यूबवर बी हाय"

मी क्लोबेटासोल ०.०५ टक्के आणि सॅलिसिलिक ॲसिड ३ टक्के असं मलम लिहिलं. सोबत बारावीतला मुलगा होता. त्याने चिठ्ठी वाचली, मग जुनी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाला, "सर, हे क्लोबेटासोल तर याच्यात बी हाय."

पोरगं हुशार निघालं. बाप माझ्याकडे बघायला लागला. तीन वर्षं जे लावलं ते वाईट म्हणून सांगितलं, आणि तेच साहेब लिहून देतात!

खरं आहे, औषध तेच. क्लोबेटासोल हे लावायच्या स्टिरॉइडांमधलं सगळ्यात कडक गटातलं. जाड सोरायसिसला ते चालतं, पण आठवड्याला ५० ग्रॅमच्या आत आणि सलग दोन आठवडे. त्यापुढे डॉक्टरच्या नजरेखालीच. चेहरा, काख, जांघ इथे मुळीच नाही. जुन्या ट्यूबमध्ये ते पातळ क्रीममध्ये होतं, आता घट्ट तेलकट मलमात. कोरड्या, कोंडा धरलेल्या चट्ट्यात मलमाचं औषध क्रीमपेक्षा खोल जातं. सॅलिसिलिक ॲसिड कोंडा सैल करतं, नाहीतर औषध कोंड्यावरच राहतं आणि गादीला पुसलं जातं. हे सगळं मी मुलालाच समजावलं, कारण घरी चिठ्ठी वाचणारा तोच होता.

योजना लिहिताना दर वेळी एका रात्री एकच ट्यूब, एवढा नियम मी धरतो. पुस्तकात सकाळी एक आणि रात्री दुसरं औषध अशीही पद्धत आहे आणि ती चांगली आहे. पण हा माणूस सकाळी सहाला वावरात जातो. अंगावर तेलकट मलम असलं की माती, फुफाटा आणि वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू चिकटतात. दुपारपर्यंत तो ते कुठल्यातरी फडक्याने पुसून टाकणार, हे ठरलेलं. शिवाय पुढे द्यायचं कॅल्सिपोट्रिऑल उन्हातल्या अतिनील किरणांनी निकामी होतं. म्हणून अंगावरच्या चट्ट्यांचं सगळं काम संध्याकाळच्या आंघोळीनंतर.

पहिले दोन आठवडे रोज रात्री क्लोबेटासोल-सॅलिसिलिक, चार पट्ट्या, मोजून. त्यानंतर ते बंद करून कॅल्सिपोट्रिऑल. ड जीवनसत्त्वाच्या जातीचं हे औषध स्टिरॉइड नव्हे. ते सावकाश काम करतं, पण कातडी पातळ करत नाही. सॅलिसिलिक ॲसिडने ते निष्प्रभ होतं, म्हणून दोन्ही एकत्र कधी नाही. आठवड्यात पाच रात्री कॅल्सिपोट्रिऑल आणि दोन रात्री मोमेटासोन ०.१ टक्का. हे स्टिरॉइडच, पण क्लोबेटासोलपेक्षा सौम्य. शनिवार-रविवार सांगितलं असतं तर विसरला असता, शेतकऱ्याला रविवार कसला? त्याच्या गावच्या बाजाराचा दिवस आणि त्यानंतरचा दिवस असं ठरवलं. बाजाराची रात्र म्हणजे मोमेटासोनची रात्र. मुलाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करायचे.

आठवड्याला कॅल्सिपोट्रिऑल दहा ग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब तीन आठवडे. मोठ्या माणसासाठी आठवड्याची मर्यादा १०० ग्रॅम, त्यापासून आपण फार लांब. अडचण पैशाची होती. या यादीत हेच सगळ्यात महाग. स्टिरॉइडं जेनेरिक औषधांच्या दुकानात स्वस्त पडतात, म्हणून ती तिथून घ्यायची आणि वाचलेले पैसे कॅल्सिपोट्रिऑलला, अशी जुळणी केली. सुरुवातीला चुरचुरेल हे आधीच सांगितलं. न सांगता चुरचुरलं की रुग्ण औषध "उलटलं" म्हणून फेकून देतो.

जांघेतलं प्रकरण वेगळं काढलं. तिथे स्टिरॉइड आजपासून बंद, लावायला साधं बुरशीनाशक आणि पोटात इट्राकोनॅझोल, जेवणानंतर. टर्बिनाफिन हे दुसरं बुरशीनाशक मुद्दाम टाळलं, कारण त्याने सोरायसिस उसळल्याच्या नोंदी आहेत. पहिल्या आठवड्यात लाली आणि खाज वाढेल, घाबरून जुनी ट्यूब हाती घ्यायची नाही, हे दोनदा बजावलं. आतले कपडे सुती, रोज बदललेले, उन्हात वाळवलेले. घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्यांनीही दाखवायचं, कारण बुरशी एकाची दुसऱ्याला लागते. सोरायसिस लागत नाही. एकाच माणसाला हे दोन्ही समजावताना जरा तारांबळ उडते.

डोक्याला रात्री खोबरेल चोपडून पपडी मऊ करायची, सकाळी कोल टारच्या शाम्पूने धुवायचं आणि भांग पाडून कातडीवर क्लोबेटासोलचं लोशन, तेही दोनच आठवडे. यात एक अडचण होती. डोक्यातलं दुखणं दुसऱ्याला लागतं असं समजून गावातल्या न्हाव्याने केस कापायचं बंद केलं होतं. केस वाढलेले, त्यामुळे लोशन केसांनाच लागायचं. आशाताई स्वतः न्हाव्याशी बोलल्या. एवढ्याने तो तयार झाला, मला काहीच करावं लागलं नाही.

पन्नी, दगड आणि चूल

घरचे काही उद्योग विचारल्याशिवाय कळत नाहीत. तो आंघोळीला घोटा घासायच्या दगडाने चट्टे घासायचा, कोंडा निघावा म्हणून. सोरायसिसमध्ये कातडीला जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो, त्यामुळे घासून तो आजाराला खतपाणीच घालत होता. कोणाच्या तरी सल्ल्याने मधे काही दिवस मलमावर पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकचा कागद, बांधली होती. पन्नीखाली स्टिरॉइडचं शोषण खूप वाढतं, ते आपल्या मनाने करायचं काम नव्हे.

आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायला पांढरी पेट्रोलियम जेली दिली. साधी, स्वस्त, आणि माझ्या मते या आजारातली सगळ्यात कमी लेखलेली गोष्ट. पण तिच्यासोबत एक ताकीद द्यावी लागते. पॅराफिनच्या जातीची मलमं कापडात मुरली की ते कापड झपाट्याने पेट घेतं, आणि धुण्याने ती पूर्ण निघत नाहीत. हे सांगताच बायको बोलली, "यायची बनियान कितीबी धुवा, तेलकटच राहते जी. अन् हे थंडीत चुलीपाशीच बसते बिडी वढत." मग ठरलं: मलमाच्या रात्री एकच जुनी बनियान आणि लुंगी, ती चुलीपासून आणि बिडीपासून लांब. बिडीचा तर सोरायसिसशी थेटच संबंध आहे, ओढणाऱ्यांत तो जास्त आढळतो. दारूचंही तसंच. ती तो पीत नव्हता. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, मात्र होता. औषध लावून हात न धुता खर्रा तोंडात टाकायचा नाही, एवढंच त्या दिवशी पदरात पडलं.

वांगं त्याने दोन वर्षांपासून सोडलं होतं, आणि हरभऱ्याची डाळही. दोन्हींचा सोरायसिसशी काही संबंध नाही. खा म्हटल्यावर बायकोचा चेहरा खुलला, वेगळी भाजी करायचं काम गेलं.

फवारणीबद्दलही बोललो. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशक कातडीतून आत जातं, आणि भेगाळलेल्या नडग्या म्हणजे उघडं दार. चट्टे चिरलेले असतील त्या दिवसांत फवाऱ्याला दुसऱ्याने जायचं.

पुढे काय झालं

दोन आठवड्यांनी कोंडा जवळजवळ गेलेला. चट्टे सपाट होत आलेले, लाली बाकी. जांघेतली खाज पहिल्या आठवड्यात वाढून मग उतरलेली. दोन्ही ट्यूबा रिकाम्या, आणि मला हवं होतं ते हेच. रिकाम्या ट्यूबा परत आणायला मी सांगतोच, तोंडी उत्तरापेक्षा त्या खरं बोलतात.

सहाव्या आठवड्यात तो चिंतेत आला. कमरेवर चट्ट्यांच्या जागी फिकट डाग राहिले होते आणि मेहुणीने "कोड निघालं" म्हणून सांगितलं होतं. सोरायसिस बसल्यावर सावळ्या कातडीवर काळे किंवा फिकट डाग महिनोन् महिने राहतात. ते आजाराचे नाहीत, त्यांना मलम लागत नाही. रुग्ण इथेच फसतो, डाग दिसतोय म्हणून स्टिरॉइड लावतच राहतो. त्याला सांगितलं, डोळे मिटून बोट फिरवा. बोटाला उंचवटा किंवा खरखर लागली तरच मलम. त्याने तिथेच करून पाहिलं, कमरेवर काही लागलं नाही, डाव्या नडगीवर लागलं.

मुलीची सोयरीक जुळवायची होती, म्हणून हा आजार पोरीला होईल का, हे त्याने त्याच दिवशी, उठता उठता विचारलं. आई-बापांपैकी एकाला असेल तर मुलांना होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण बहुतेकांना होत नाही. यापेक्षा गोड किंवा कडू काही सांगण्यात अर्थ नव्हता.

डिसेंबरात तो पुन्हा चट्टे घेऊन आला. वेचणीला मजूर मिळेनात, म्हणून स्वतःच उतरलेला. पऱ्हाटीच्या वाळक्या बोंडांनी हात ओरबाडले आणि त्या ओरखड्यांवर, रेघ ओढल्यासारखे, बारीक नवे चट्टे उठले. त्यात थंडी, आणि थकून आल्यावर मलम राहून जायचं. कॅलेंडरवरचे गोल दिवाळीनंतर थांबलेले होते. मुलगा अभ्यासाला गावाबाहेर गेला होता, हे मी विचारल्यावर कळलं. नव्या चट्ट्यांवर आणि नडगीवर पुन्हा दोन आठवडे रोज रात्री स्टिरॉइड, बाकी जागी नुसती जेली. वेचणीला लांब बाह्यांचा जुना शर्ट. कॅलेंडर आता बायकोकडे. तिला अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून ट्यूबांना रंगीत दोरे बांधले: लाल दोऱ्याची बाजाराच्या रात्री, हिरव्या दोऱ्याची बाकीच्या.

फेब्रुवारीत कोपरं आणि कंबर साफ होती. नडग्यांवर मिळून एक तळहातभर उरलं होतं. जांघेतली बुरशी गेली, जांभळट रेघा राहिल्या. त्या कायमच्या आहेत हे त्याला सांगितलं. सकाळी बोटं किंवा टाचा आखडतात का, हे दर भेटीला विचारतो, कारण नखांवर खड्डे असलेल्यांना सोरायसिसचा संधिवात होण्याची शक्यता जास्त. अजून तसं काही नाही. तसं झालं, किंवा चट्टे दहा तळहातांच्या पुढे गेले, किंवा अंगभर लाली अथवा पुवाचे फोड आले, तर नुसत्या मलमावर राहायचं नाही. प्रकाशोपचारासाठी आठवड्यातून दोन-तीनदा वर्धा किंवा नागपूर गाठणं त्याला जमणार नाही, त्यामुळे वेळ आलीच तर रक्त तपासून मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. त्यातलं "एकदाच" मी आताच त्याच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे, कारण हे औषध चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. सध्या नडगीला आठवड्याच्या दोन मोमेटासोन रात्री चालू आहेत, पुढची भेट पेरणीच्या आधी.